‘नो रेकॉर्ड फाउंड’ म्हणजे बिल्डर धुतल्या तांदळासारखा नव्हे

नालासोपारकर मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवारी निवांत वाचा, पण वाचा. तुम्ही बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला असेल, किंवा भावाला, मेहुण्याला, भाच्याला तसा सल्ला देणार असाल, तर ही तुमच्यासाठीच आहे.

आधी माझी चूक सांगतो. ती लपवून बाकीचं शहाणपण सांगण्यात अर्थ नाही.

मी वकील नाही. फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात बरीच वर्षं नोकरी केली, त्यामुळे कंपन्यांचे कागद कुठे बघायचे हे थोडंफार कळतं. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूला कुणाला काही तपासायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. २०२२ च्या दिवाळीनंतर शेजारच्या वहिनी आल्या. मुलासाठी फ्लॅट बुक केला होता, सात लाख भरून झाले होते, आणखी चार लाखांचा हप्ता मागत होते. काम मात्र रखडलेलं दिसत होतं. म्हणाल्या, “भाऊ, एकदा बघा ना, हा माणूस बुडीत तर निघाला नाही?”

मी मोबाईल काढला, एनसीएलटीच्या साइटवर गेलो, होर्डिंगवर जे नाव होतं ते टाकलं. ‘नो रेकॉर्ड फाउंड’ आलं. मी दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो, “काही नाही वहिनी, क्लीन आहे.” त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून चार लाख भरले.

वर्षभराने साइटवरचा वॉचमन बदलला आणि गेटवर इंग्रजीत एक कागद चिकटवलेला दिसला. तो वाचायला वहिनींनी मला बोलावलं. कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होऊन अकरा महिने झाले होते. अर्ज तर त्याच्याही आधीचा, मी मोबाईलवर बघितलं तेव्हा तो न्यायाधिकरणात पडूनच होता. मी ज्या नावाने शोधलं ते नाव ब्रँडचं होतं. करार ज्या कंपनीशी झाला, तिचं नाव वेगळंच होतं. ते वहिनींच्या कपाटातल्या ॲग्रीमेंटच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. मी ते पान मागितलंच नव्हतं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही बघितलं होतं ना?” त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी हा विषय नीट शिकलो. जे कळलं ते लिहितो, आणि शेवटी माझं एक म्हणणं मांडतो. म्हणणं थोडक्यात असं: या नोंदी कायद्याने सगळ्यांसाठी खुल्या आहेत, पण ज्याचा पैसा अडकतो त्याच्यापर्यंत त्या पोचू नयेत अशी व्यवस्था आपोआप झालेली आहे. आणि ती बदलणं फार अवघड नाही.

दिवाळं कुठे निघतं?

आपल्याकडे ‘दिवाळं निघालं’ हे कट्ट्यावर ठरतं. कायद्यात ते कुठे नोंदलं जातं, हे धंदा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं. इथेच बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो.

प्रायव्हेट लिमिटेड, लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते आणि प्रकरण जातं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे. महाराष्ट्रासाठी ते मुंबईत, कफ परेडला. नालासोपाऱ्याहून चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे बस. एका तारखेला एक खाडा ठरलेला.

पण बिल्डर जर एकट्याच्या नावाने किंवा भागीदारीत धंदा करत असेल, आणि आपल्याकडचे कितीतरी लहान बिल्डर असेच आहेत, तर एनसीएलटीत त्याचं नाव येणारच नाही. संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीचा भाग केंद्राने अजून पूर्ण लागू केलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. बाकीच्यांसाठी अजून इंग्रजांचेच कायदे चालतात. मुंबई शहरासाठी १९०९ चा, तिथे काम हायकोर्टात चालतं. आपल्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा पातळीवरचं न्यायालय. त्या कायद्यात नादारीच्या अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम किती आहे माहीत आहे? ५०० रुपये. शंभर वर्षांत तो आकडा कुणी बदललेला नाही. यावरून या कोपऱ्याकडे किती लक्ष आहे ते समजा.

म्हणजे ‘बिल्डर बुडाला का’ हा प्रश्न एक असला तरी त्याची उत्तरं वेगवेगळ्या दारांमागे आहेत. चुकीच्या दारावर टकटक केली तर आतून ‘नो रेकॉर्ड फाउंड’ असं उत्तर येतं, आणि आपण ते चारित्र्याचा दाखला समजतो.

आता शोधायचं कसं, पायरीपायरीने

१. आधी नाव. ॲग्रीमेंट काढा, नसेल तर पावती. ‘प्रवर्तक’ किंवा ‘प्रमोटर’ म्हणून जे नाव आहे ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. होर्डिंग, ब्रोशर, सेल्सवाल्या पोराचं व्हिजिटिंग कार्ड यांच्यावर विसंबू नका. मोठे बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढतात. ॲग्रीमेंट हाताशी नसेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका, तिथे प्रवर्तकाचं अधिकृत नाव मिळतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, तो स्कॅन केला तरी त्याच पानावर पोचता.

आपल्या पट्ट्यातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. आपण सगळे ‘एचडीआयएल’ म्हणतो. नोंदीतलं नाव आहे ‘हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड’. नुसतं लघुरूप टाकून शोधाल तर हाती काही लागेलच असं नाही.

२. कंपनी मंत्रालयाची साइट, एमसीए. इथे ‘कंपनी मास्टर डेटा’ म्हणून पान आहे. मोफत आहे, फार तर नोंदणी करून लॉगिन करावं लागतं. नाव टाकलं की सीआयएन मिळतो, २१ अक्षर-आकड्यांचा. तो लिहून ठेवा, तो कंपनीचा आधार नंबर समजा. त्यातलं ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र आणि पुढचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष. एकाच नावासारख्या चार कंपन्या असतात, पण सीआयएन एकाचा एकच.

या पानावर कंपनीची स्थिती लिहिलेली असते: चालू आहे, नाव खोडलेलं आहे, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे की अवसायनात. त्याच ठिकाणी ‘इंडेक्स ऑफ चार्जेस’ बघायला विसरू नका. कंपनीने कुठल्या बँकेकडे काय तारण ठेवून किती कर्ज उचललं, ते तिथे दिसतं. तुमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी राहतेय ती आधीच बँकेच्या दावणीला बांधलेली आहे का, हे हप्ता भरण्याआधी कळलेलं बरं.

३. आयबीबीआय, म्हणजे भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाची साइट. माझ्या मते सामान्य माणसाने सगळ्यात आधी उघडावी अशी हीच. ‘पब्लिक अनाउन्समेंट’ या भागात कंपनीचं नाव टाका. प्रक्रिया सुरू झालेली असेल तर ‘फॉर्म ए’ नावाची दोन पानी जाहीर सूचना मिळते. त्यात चार गोष्टी असतात आणि चारही कामाच्या: प्रक्रिया कोणत्या तारखेला सुरू झाली, कारभार हातात घेतलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलचं नाव, त्यांचा पत्ता आणि ईमेल, आणि दावा दाखल करायची शेवटची तारीख. कंपनी थेट मोडीत निघाली असेल तर ‘फॉर्म बी’ असतो.

४. एनसीएलटीची साइट. ‘केस स्टेटस’मध्ये मुंबई खंडपीठ निवडा, पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष विचारलं तर एकच वर्ष टाकून थांबू नका, मागची पाच-सहा वर्षं एकेक करून बघा. नाव पूर्ण टाकून सापडलं नाही तर पहिले एक-दोन शब्द टाका. ‘डेव्हलपर्स’ आणि ‘डेव्हलपर’, ‘अँड’ आणि त्याचं चिन्ह, ‘प्रा. लि.’ आणि पूर्ण ‘प्रायव्हेट लिमिटेड’, टाइप करणाऱ्याने कसं लिहिलं यावर सगळा खेळ आहे. ‘सी. पी. (आयबी)’ असा नंबर दिसला तर तो दिवाळखोरीचा अर्ज. आदेशाची पीडीएफ मोफत उतरवता येते.

इथे एक फरक लक्षात ठेवा आणि बिल्डरवर अन्यायही करू नका. अर्ज दाखल होणं वेगळं, तो दाखल करून घेतला जाणं वेगळं. सिमेंटवाल्याने बाकी वसूल करायला अर्ज टाकला आणि पुढच्या महिन्यात तडजोड झाली, असंही होतं. नुसता अर्ज दिसला म्हणून ग्रुपवर ‘बिल्डर पळाला’ असं टाकू नका. पण पुढचा हप्ता भरण्याआधी मात्र त्याला समोर बसवून विचारा.

५. बिल्डर व्यक्ती किंवा भागीदारी असेल तर ई-कोर्ट्स. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. एक लक्षात ठेवा, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या भानगडी ठाण्याच्या नोंदींत असू शकतात. दोन्हीकडे बघा. संस्थेच्या नावाने आणि प्रत्येक भागीदाराच्या नावाने वेगवेगळं बघा. चालू आणि निकाली, दोन्ही बघा.

खरं सांगायचं तर १९२० च्या कायद्याखालचे अर्ज तुम्हाला क्वचितच दिसतील. पण माणूस अडचणीत आल्याची पहिली खूण तिथे नसतेच. ती असते चेक बाउन्सच्या केसेसमध्ये, कलम १३८ च्या. वाळूवाला, सळईवाला, इस्टेट एजंट हे सगळे आपल्याआधी कोर्टात जातात. एकाच नावावर अशा दहा-पंधरा केसेस दिसल्या की कुठल्याही न्यायाधिकरणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

६. नोंदणी विभागाची ई-सर्च. सूची क्रमांक दोन, ज्याला आपण ‘इंडेक्स टू’ म्हणतो, ती ऑनलाइन बघता येते. तोच फ्लॅट दोघांना विकला आहे का, तुमचं ॲग्रीमेंट खरंच नोंदलं गेलं आहे का, ते तिथे कळतं.

एवढं सगळं करायला एक दुपार लागते. मी त्या दिवशी दोन मिनिटं दिली होती.

सापडलं तर काय?

घाबरून जाऊ नका आणि गप्पही बसू नका.

२०१८ पर्यंत घर घेणाऱ्याला या प्रक्रियेत नीट जागाच नव्हती. त्या वर्षी कायदा बदलला आणि घर घेणारे ‘वित्तीय धनको’ ठरले, म्हणजे बँकेच्या बरोबरीने धनकोंच्या समितीत बसायचा हक्क मिळाला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल वैध ठरवला. पण स्वतःहून बिल्डरला एनसीएलटीत खेचायचं असेल तर आता त्याच प्रकल्पातले किमान १०० जण किंवा एकूण ग्राहकांपैकी १० टक्के एकत्र यावे लागतात. आणि थकबाकी किमान १ कोटीची लागते, आधी १ लाख होती, मार्च २०२० मध्ये वाढवली.

कुणी दुसऱ्याने, बँकेने वगैरे, प्रक्रिया सुरू केली असेल तर तुमचं काम एकच: वेळेत दावा दाखल करणं. घर घेणाऱ्यांसाठी ‘फॉर्म सीए’ असतो. आयबीबीआयच्या साइटवर मिळतो, ईमेलने पाठवता येतो, वकील सक्तीचा नाही, कोर्ट फी नाही. ॲग्रीमेंट, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जोडायचं. व्याज किती धरायचं हे करारात ठरलेलं नसेल तर मतदानाच्या हिश्शासाठी वर्षाला ८ टक्के धरतात. त्याच फॉर्मवर तुमच्या वतीने समितीत बसणारा प्रतिनिधी निवडायला तीन नावं दिलेली असतात, तीही टिक करा.

मुदत पहिल्या जाहीर सूचनेत साधारण दोन आठवड्यांची असते. ती हुकली तरी उशिराचे दावे काही काळ घेतात, पण जितका उशीर तितकी भानगड. वहिनींचा दावा आम्ही फार उशिरा पाठवला. “मुदत संपली” असं उत्तर आलं. मग आम्ही पुन्हा लिहिलं, की कंपनीच्याच वहीत यांचे पैसे जमा दिसतात, नोंदणीकृत ॲग्रीमेंट आहे, आणि ज्यांची नावं कंपनीच्या दप्तरात आहेत अशा ग्राहकांना दावा आला नाही म्हणून वगळता येत नाही असं अपिलीय न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये म्हटलेलं आहे. बऱ्याच पत्रांनंतर नाव यादीत आलं. घर अजून आलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. एक, प्रक्रिया सुरू झाली की कंपनीवर ‘मोरॅटोरियम’ लागतो. कंपनीविरुद्धची वसुली थांबते. महारेराने तुमच्या बाजूने दिलेला आणि कलेक्टर ऑफिसात वसुलीसाठी पडलेला आदेशही तिथेच थांबतो. त्यामुळे ‘माझ्याकडे रेराची ऑर्डर आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका, तुम्हीही दावा भरा. दोन, हा मोरॅटोरियम बिल्डरच्या कंपनीला आहे, तुम्हाला नाही. तुमच्या होमलोनचा ईएमआय चालूच राहतो. घरभाडं आणि ईएमआय दोन्ही भरत संसार ओढणारी माणसं आपल्या विरार फास्टमध्ये रोज आपल्या खांद्याला खांदा लावून उभी असतात.

एचडीआयएलने आपल्याला काय शिकवलं

वसई-विरार पट्ट्यात मोठी जमीन बाळगणाऱ्या या कंपनीविरुद्ध बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ही नोंद तेव्हाच सार्वजनिक झाली होती. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मग बाहेर आलं की बँकेचा बहुतांश कर्जाचा पैसा याच एका समूहाकडे अडकला होता. बँकेबाहेर रडणारी म्हातारी माणसं आपण टीव्हीवर बघितली. बँक शेवटी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. एचडीआयएलचं प्रकरण मात्र वर्षानुवर्षं चाललं, प्रकल्पवार तोडगे शोधावे लागले. कायद्यात पूर्ण प्रक्रियेची कमाल मुदत ३३० दिवस लिहिलेली आहे.

त्या महिनाभरात नोंद समोर होती, पण ती वाचणारे वकील आणि बँकवाले होते. ठेवीदाराला आणि घरवाल्याला बातमी टीव्हीवरूनच कळली.

आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती आठवतात ना? सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या. हायकोर्टाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडल्या. शेकडो संसार रस्त्यावर आले. त्या घरांचं काय होणार हे दिवाळखोरीच्या नोंदीत कितीही शोधलं असतं तरी कळलं नसतं. तो प्रश्न जमिनीचा, आरक्षणाचा आणि परवानगीचा होता. त्यासाठी सातबारा, विकास आराखडा आणि महापालिकेची बांधकाम परवानगी बघायला हवी. म्हणून पुन्हा सांगतो, एका साइटवर काही सापडलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

माझं म्हणणं

काही मित्र म्हणतात, “एवढं सगळं ऑनलाइन आहे, लोकच बघत नाहीत, सरकार काय करणार?” मी हेच मानायचो. आता नाही मानत.

कायदा म्हणतो की जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या पेपरात द्या, कंपनीच्या आणि आयबीबीआयच्या साइटवर टाका. ठीक. पण पेपर कुठला? जिथे कंपनीचं नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालय असेल तिथला. कार्यालय अंधेरीत, इमारत नालासोपाऱ्यात. आणि आमच्या संतोष भुवनमधला माणूस पहाटे निघतो, रात्री दहाला येतो, तो मागच्या पानावरची बारीक टायपातली सूचना वाचणार कधी? साइटवरचे फॉर्म इंग्रजीत. आदेश इंग्रजीत. एक नोंद दिल्लीच्या मंडळाकडे, दुसरी कफ परेडला, तिसरी कंपनी मंत्रालयाकडे, चौथी महारेराकडे, पाचवी वसईच्या कोर्टात. कुठलाही धागा एकमेकांना जोडलेला नाही. अशा ठिकाणी ‘माहिती उपलब्ध आहे’ म्हणणं म्हणजे विहिरीत पाणी आहे पण रहाट नाही.

२०२३ मध्ये महारेराने स्वतःहून एनसीएलटीच्या नोंदी चाळल्या आणि दिवाळखोरीत अडकलेल्या राज्यातल्या तीनशेहून जास्त प्रकल्पांची यादी जाहीर केली. चांगलं काम केलं, मोकळेपणाने सांगतो. म्हणजे हे करता येतं, हेही सिद्ध झालं. पण यादी एकदा जाहीर करून भागत नाही. बिल्डर दर महिन्याला बुडतात.

म्हणून मागण्या, चारच:

एक. प्रक्रिया सुरू झाल्याचा आदेश निघाला की ती सूचना प्रकल्पाच्या गेटवर, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत लागली पाहिजे. त्यावर फक्त दावा कुठे आणि कधीपर्यंत करायचा एवढं असलं तरी पुरे.

दोन. ज्यांचं ॲग्रीमेंट नोंदलेलं आहे त्यांचे पत्ते आणि मोबाईल नंबर सरकारकडे आहेत. घरपट्टी थकली तर मेसेज येतो. बिल्डर बुडाला तर का येऊ नये?

तीन. प्रकल्पाचा क्यूआर कोड स्कॅन केला की पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, दिवाळखोरीची ताजी स्थिती दिसली पाहिजे.

चार. आपल्या महापालिकेच्या नऊ प्रभाग कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक जाणकार माणूस आणि एक कॉम्प्युटर. विधी शाखेची मुलं, निवृत्त बँकवाले, कितीतरी लोक फुकट बसायला तयार होतील. मी तर होईनच.

बिल्डर मंडळी म्हणतील, गेटवर सूचना लावली की उरलेले ग्राहकही हप्ते थांबवतील आणि प्रकल्प आणखी बुडेल. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण याचा अर्थ असा होतो की आधीचे ग्राहक बुडाले हे लपवून पुढच्या ग्राहकाचा पैसा आत घ्यायचा. अशा पैशावर इमारत पूर्ण होत नाही, फक्त बुडणाऱ्यांची संख्या वाढते. वहिनींचे शेवटचे चार लाख असेच आत गेले.

आपलं सोपारा अडीच हजार वर्षांचं बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाला प्रजेला काही सांगायचं होतं, तर त्याने ते लोकांच्या बोलीत, लोक येतात-जातात अशा ठिकाणी, दगडावर कोरून ठेवलं. आज त्याच गावात माणसाच्या आयुष्याची कमाई बुडाल्याची सूचना इंग्रजी पीडीएफमध्ये निघते.

शेवटी कामाचं. ज्यांचा फ्लॅट अडकलेला आहे त्यांनी ॲग्रीमेंटचं पहिलं पान आणि पावत्या घेऊन यावं, रविवारी सकाळी मी घरीच असतो, आपण एकत्र बसून शोधू. ओळखीच्या लोकांना पत्ता माहीत आहे, बाकीच्यांनी इनबॉक्स करा. एक पैसा घेत नाही. आणि आता ‘क्लीन आहे’ असंही कुणाला सांगत नाही. काय बघितलं, कुठे बघितलं, काय बघायचं राहिलं, एवढं कागदावर लिहून देतो. ठरवायचं तुम्ही.

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. विशेषतः ज्यांचा पुढचा हप्ता या महिन्यात आहे त्यांना पाठवा.